सोनोग्राफी गाठीचा निकाल देत नाही

कोपर हे दिवा आणि डोंबिवली यांच्यामधलं स्टेशन. खालून कल्याणच्या लोकल जातात, वरून दिवा–वसई मार्गाच्या गाड्या. भिवंडीकडून डोंबिवलीत दवाखान्यासाठी येणारी माणसं वरच्या फलाटावर उतरतात आणि जिने उतरून गावात शिरतात. या सगळ्या पट्ट्यात मानेला गाठ आली की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी घरचा लेप, मग फॅमिली डॉक्टरांनी दिलेली पाच दिवसांची अँटिबायोटिक, आणि तरीही गाठ बसली नाही तर सोनोग्राफी. रिपोर्ट हातात आला की विचार तिथेच थांबतो. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेलं असेल तर सुटलो. ‘नेक्रोटिक, लाइकली कॉक्स’ लिहिलेलं असेल तर टीबी, आणि त्याच संध्याकाळी एकेटीच्या गोळ्या सुरू. ‘सस्पिशियस’ असेल तर घरात रडारड. सुईच्या तपासणीचं नाव काढलं की उत्तर येतं, “सोनोग्राफीत सगळं दिसलंय, आता सुई कशाला?”

हा समज फक्त रुग्णांचा असता तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. बरेच डॉक्टरही असंच वागतात, आणि त्यांच्याकडे त्याची कारणं आहेत. खंडन करायचं तर आधी ती कारणं नीट मांडली पाहिजेत.

त्यांचं म्हणणं असं. मानेच्या लसिका ग्रंथी त्वचेच्या अगदी खाली असतात, त्यामुळे ७ ते १५ मेगाहर्ट्झच्या प्रोबने त्या जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या पोटातल्या किंवा छातीतल्या दिसत नाहीत. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही, खर्च सीटी स्कॅनच्या मानाने कमी, आणि तपासणी हवी तितक्या वेळा करता येते. चाळीस वर्षांच्या अभ्यासातून निरोगी आणि रोगट ग्रंथींची लक्षणं चांगली बांधली गेली आहेत. हाँगकाँगच्या अनिल आहुजा आणि मायकेल यिंग यांनी टीबी, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचाच कॅन्सर) आणि पसरलेल्या कॅन्सरच्या ग्रंथी सोनोग्राफीत कशा वेगळ्या दिसतात याचं तपशीलवार वर्णन केलं आहे. शिवाय आपल्याकडे टीबी इतका आहे की मानेतली पिकलेली गाठ बहुतेकदा टीबीचीच निघते. मग गरीब माणसाला आणखी एका तपासणीच्या फेऱ्यात कशाला अडकवायचं?

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान खरं आहे. माझा आक्षेप त्यांतून काढलेल्या निष्कर्षाला आहे.

आधी सोनोग्राफीत दिसतं काय ते पाहू. रुग्णाला उताणं झोपवतात, खांद्याखाली उशी देतात, म्हणजे मान मागे झुकून ताणली जाते. जेली लावून प्रोब हनुवटीखालून सुरू होतो, जबड्याच्या कडेने कानाखाली जातो, तिथून मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बाजूने खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत आणि शेवटी मानेच्या मागच्या त्रिकोणात. शरीरात सुमारे ८०० लसिका ग्रंथी आहेत असं मानतात आणि त्यांतल्या ३०० च्या आसपास एकट्या मानेत आहेत. निरोगी ग्रंथी पडद्यावर राजम्याच्या दाण्यासारखी दिसते: लांबट, कडेने काळसर, आणि मधोमध एक पांढुरकी रेघ. ही रेघ म्हणजे ग्रंथीचा देठ. रक्तवाहिन्या तिथूनच आत जातात आणि डॉपलर लावला की देठापासून फांद्यांसारख्या पसरताना दिसतात. रोग आत शिरला की ग्रंथी गोल होते, देठ पुसला जातो, रक्तवाहिन्या कडेकडेने आत घुसू लागतात, मधला भाग मरून पोकळी होते, शेजारच्या ग्रंथी एकमेकींना चिकटतात.

पण ही लक्षणं सांगतात की ग्रंथीची रचना बिघडली आहे. ती कुणी बिघडवली हे सांगण्याची ताकद त्यांच्यात फार कमी आहे. क्षयाचे जंतू ग्रंथी आतून कुजवतात. तोंडातल्या कॅन्सरच्या पेशीही कुजवतात. दोन्हींत देठ जातो, दोन्हींत मध्ये पोकळी येते. ग्रंथी चिकटणं आणि भोवतीची सूज ही टीबीची खूण मानतात, पण ग्रंथीच्या आवरणाबाहेर पसरलेला कॅन्सरही तेच करतो. थायरॉइडच्या पॅपिलरी कॅन्सरची गाठ कधी पाण्याने भरलेल्या साध्या पुटीसारखी दिसते. लिम्फोमाची गाठ इतकी एकसारखी काळी दिसू शकते की जुन्या यंत्रांवर ती द्रव भरलेली वाटायची. तंबाखू चघळणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या जबड्याखालची नेक्रोटिक, म्हणजे आतून कुजलेली, गाठ आणि बावीस वर्षांच्या मुलीच्या मानेच्या मागच्या बाजूची नेक्रोटिक गाठ, या दोन्ही चित्रांची वर्णनं कागदावर शब्दशः सारखी येऊ शकतात. त्यांचा अर्थ वेगळा लागतो तो वय, जागा, तोंडाची तपासणी, ताप, वजन आणि घरातला टीबीचा इतिहास यांमुळे. यातलं बरंचसं सोनोग्राफी करणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, “यूएसजी नेक.”

रिपोर्टमधल्या आकड्यावर लोकांची भिस्त सगळ्यांत जास्त, आणि तोच निकष सर्वांत कच्चा. एक सेंटिमीटरच्या वरची गाठ म्हणजे धोका, खालची म्हणजे काही नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते कुठून आलं हे सांगणं भाग आहे. १९९० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मिखिल वान डेन ब्रेकेल आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांत ग्रंथीच्या आडव्या छेदातला लहान व्यास १० मिलिमीटर, आणि जबड्याच्या कोनाखालच्या ग्रंथींसाठी ११ मिलिमीटर, असा मापदंड सुचवला. तो कॅन्सर आधीच सिद्ध झालेल्या रुग्णांसाठी होता आणि लहान व्यासाचा होता. १९९८ मध्ये सोनोग्राफीपुरता हाच निकष पुन्हा तपासला तेव्हा हाताला गाठ न लागणाऱ्या मानेत तो सहा-सात मिलिमीटरपर्यंत खाली आणावा लागला. आपल्याकडे मात्र रिपोर्टवर “२.१ × ०.६ सेमी” असं आलं की घरचे २.१ पाहून हादरतात. खरं तर लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक असणं ही बहुधा निरोगीपणाची खूण. इटलीत लुइजी सोल्बियाटी यांनी १९८० च्या दशकात मांडलेलं गुणोत्तर हेच सांगतं. त्यालाही अपवाद आहेत: जबड्याखालच्या आणि कानापुढच्या ग्रंथी निरोगी असतानाही गोलसर असतात. आणि लहान मुलांच्या मानेत तर हाताला लागणाऱ्या ग्रंथी इतक्या सर्रास आढळतात की त्या नसल्या तरच नवल. घसा धरला, दात किडला, डोक्यात उवा होऊन खाजवून जखमा झाल्या, की मानेत ग्रंथी फुगतात. शाळकरी मुलीच्या डोक्यात न पाहता तिची सोनोग्राफी करणं हे उलट्या टोकाचं वैद्यक झालं.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ: टीबी इतका आहे की अंदाजाने औषध दिलं तरी बहुतेकदा बरोबरच ठरेल. बहुतेकदा, हो. पण उरलेल्यांचं काय होतं ते पाहावं लागेल. लिम्फोमाच्या रुग्णाला एकेटी सुरू झाली तर दोन-तीन महिने “औषध लागू पडायला वेळ लागतो” यातच जातात. त्यात कुणी स्टेरॉइड जोडलं तर लिम्फोमाची गाठ काही दिवस खरोखर लहान होते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नंतर केलेल्या बायोप्सीतही रोग ओळखणं अवघड होऊन बसतं. गोळ्यांनी गाठ बसली म्हणजे टीबीच होता, हा युक्तिवादही टिकत नाही. साध्या संसर्गाने फुगलेली ग्रंथी आपोआप बसते. १९७२ मध्ये जपानमध्ये वर्णन झालेला किकुची आजार तरुण मुलींच्या मानेत गाठी आणतो, ताप आणतो, सोनोग्राफीत आणि कधीकधी सूक्ष्मदर्शकाखालीही टीबीचा भास देतो, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत स्वतःच ओसरतो. अशी मुलगी सहा महिने एकेटी घेते, यकृतावर भार घेते, लग्नाच्या बोलण्यांत “हिला टीबी होता” हे ओझं वागवते, आणि डॉक्टरांच्या खात्यात एक यशस्वी निदान जमा होतं.

याची दुसरी बाजू आणखी काळजीची आहे. खऱ्या टीबीच्या गाठी उपचार सुरू असताना काही रुग्णांत वाढतात किंवा नव्या येतात. जंतू मरत असतानाही शरीराची प्रतिक्रिया म्हणून हे घडतं, याला विरोधाभासी प्रतिक्रिया म्हणतात. सुरुवातीला जंतू सिद्ध केला असेल आणि तो औषधांना दाद देणारा आहे हे माहीत असेल तर डॉक्टर धीर धरू शकतो. निदानच सोनोग्राफीच्या ओळीवर उभं असेल तर गाठ वाढल्यावर त्याच्यापुढे चार शक्यता उभ्या राहतात: प्रतिक्रिया, औषधाला दाद न देणारा टीबी, चुकलेलं निदान, किंवा रुग्णाने न घेतलेल्या गोळ्या. यांतली कुठली खरी हे ठरवायला हाती काहीच नसतं.

आणि दाद न देणारा टीबी ही मुंबई महानगरात दूरची गोष्ट नाही. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, तपासलेल्या प्रत्येक औषधाला निबर झालेल्या टीबीचे चार रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात मांडले. जानेवारी २०१२ मध्ये त्यावर देशभर खळबळ उडाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात टीबीच्या प्रत्येक रुग्णाची सरकारला नोंद देणं बंधनकारक झालं. त्याआधी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांनीच मुंबईतल्या १०६ खासगी डॉक्टरांना टीबीचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं होतं. ६३ वेगवेगळ्या पद्धती निघाल्या, बरोबर लिहिणारे फक्त सहा. निदानही अंदाजाचं आणि औषधही अंदाजाचं असेल तर त्यातून काय तयार होतं हे या शहराने पाहिलेलं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या इंडेक्स-टीबी मार्गदर्शक सूचना म्हणूनच मानेच्या गाठीत सुईने नमुना घेऊन त्याची पेशी तपासणी, जनुकीय चाचणी आणि कल्चर करायला सांगतात. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र काही तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्यावर चालेल का हे सांगतं. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही चाचणी मोफत आहे. ती नकारात्मक आली म्हणून टीबी नाहीच असं होत नाही, म्हणून तर पेशी तपासणी आणि कल्चर सोबत लागतं. पण जी माहिती ही चाचणी देते ती जगातलं कुठलंही सोनोग्राफी यंत्र देऊ शकत नाही, कारण ध्वनिलहरींना जंतूचं नाव कळत नाही.

‘साफ’ रिपोर्टवरचा विश्वास कसा फसवतो यासाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं काम आठवावं. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर असलेल्या, मानेत गाठ नसलेल्या रुग्णांवर डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात चाचणी केली. प्रश्न असा होता की तोंडाच्या शस्त्रक्रियेसोबत मानेच्या ग्रंथीही काढाव्यात, की गाठ येईपर्यंत थांबावं? २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. तीन वर्षांनी ग्रंथी आधीच काढलेल्या गटात ८० टक्के रुग्ण जिवंत होते, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. आणि आधीच काढलेल्या त्या निरोगी वाटणाऱ्या मानांपैकी सुमारे ३० टक्क्यांत सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर सापडला. ग्रंथीतली कॅन्सरची ठेव दोन मिलिमीटरहून लहान असेल तर ग्रंथीचा आकार आणि देठ दोन्ही शाबूत राहतात. पडद्यावर ती निरोगीच दिसणार. म्हणून तोंडात न भरणारं व्रण असलेल्या माणसाने मानेची सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून घरी बसू नये. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू आणि मिश्री घराघरांत आहे, तेव्हा हे कोपर-डोंबिवलीतल्या वाचकांना स्पष्ट सांगायला हवं. गळपट्टीच्या हाडामागच्या गाठीचंही तसंच. डाव्या बाजूला तिथे लागलेली छोटी टणक गाठ पोटातल्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते, आणि तिच्या बाबतीत एक सेंटिमीटरचा हिशेब मांडत बसणं घातक आहे.

एवढं वाचून कुणी दुसऱ्या टोकाला जाईल: मग सोनोग्राफी हवी कशाला, थेट गाठ कापून काढा. तेही चूक. घसा, तोंड, जीभ न तपासता मानेची गाठ कापली आणि ती कॅन्सरची निघाली तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. टीबीची गाठ अर्धवट कापली तर जखम वाहत राहते.

सोनोग्राफीचं खरं काम सुईला वाट दाखवण्याचं आहे आणि ते काम ती अप्रतिम करते. डझनभर ग्रंथींतली सर्वांत बिघडलेली कुठली, ती मोठ्या रक्तवाहिनीपासून किती लांब आहे, तिच्या आत कुठे पू आहे आणि कुठे जिवंत पेशी, हे फक्त तिला दिसतं. पिकलेल्या गाठीत आंधळेपणाने सुई घातली तर नुसता पू येतो आणि पेशी तपासणीच्या रिपोर्टवर “नमुना अपुरा” असं येतं. पडद्यावर पाहत सुई घालणारा डॉक्टर पू जनुकीय चाचणीला आणि कल्चरला काढतो, मग सुईचं टोक भिंतीकडच्या घट्ट भागात नेतो आणि पेशी तिथून घेतो. थायरॉइडची शंका असेल तर सुई धुतलेल्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन मोजतात. २००७ मध्ये डच संशोधकांनी मानेच्या ग्रंथींवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सीटी, एमआरआय आणि नुसती सोनोग्राफी या तिन्हींपेक्षा सोनोग्राफीखाली केलेली सुईची तपासणी सरस ठरली. लिम्फोमाची शंका असेल तेव्हा बारीक सुई पुरत नाही, जाड सुईने तुकडा घ्यावा लागतो किंवा अख्खी ग्रंथी काढावी लागते. आणि ती काढली तर सगळी फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नये, एक तुकडा सलाइनमध्ये क्षयाच्या तपासणीला पाठवावा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर करायला काही उरत नाही. ही चूक आजही होते.

सुई लावली की रोग पसरतो, ही भीती घरोघर आहे. या तपासणीची सुई रक्त काढायच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक असते, आणि इतक्या बारीक सुईच्या वाटेने मानेतला कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. तपासणी न करता गेलेले तीन महिने मात्र रोगाला हमखास पसरू देतात.

हा समज एवढा रुजण्यामागे आपल्या व्यवस्थेचाही हात आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, आणि पुढे सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदणीच्या चौकटीत आलं. तो कायदा आवश्यक होता आणि आहे. पण त्यासोबत सोनोग्राफी दवाखान्यातून उचलली जाऊन वेगळ्या सेंटरमध्ये गेली. गाठ हाताने चाचपणारा डॉक्टर एकीकडे, चित्र पाहणारा दुसरीकडे, सुई लावणारा पॅथॉलॉजिस्ट तिसरीकडे. या तिघांना जोडतो तो एक कागद, आणि कागदावरची शेवटची ओळ निदान बनते. सोनोग्राफी करणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्या ओळीत रोगाचं नाव लिहिण्यापूर्वी ग्रंथी मानेच्या कुठल्या पातळीवर आहे, लहान व्यास किती, देठ आहे की गेला, थायरॉइड आणि लाळग्रंथी कशा आहेत, आणि सुई लावायची तर कुठल्या ग्रंथीला, हे लिहावं. “लाइकली कॉक्स” या दोन शब्दांपेक्षा “उजव्या बाजूची पातळी दोनमधली ही ग्रंथी सुईसाठी योग्य” ही ओळ रुग्णाच्या किती तरी अधिक कामाची आहे.

प्रत्येक गाठीला सुई लागत नाही. घसा धरल्यावर आलेली, दुखणारी, देठ शाबूत असलेली गाठ दोन-तीन आठवडे पाहावी, बहुतेक बसतात. तेवढ्यात न बसलेली, वाढणारी, टणक, न दुखणारी, गळपट्टीजवळची, किंवा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, तोंडातलं व्रण, आवाज बसणं यांच्यासोबतची गाठ असेल तर रिपोर्टवर काहीही लिहिलेलं असो, नमुना घेतल्याशिवाय थांबू नका. आणि कुणी सोनोग्राफी पाहून सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या, तर पहिली गोळी घेण्याआधी विचारा: “डॉक्टर, सुईची तपासणी आणि सीबीनॅट करायचं का?”